डीअँडडीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स) चालू कँपेनमध्ये २०२४ चे रूल्स घेतोय, स्पीशीजला +१ परत दिला तर चालेल का?

डीएम_बिचारा:
मंडळी सल्ला हवाय. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. आमचा पाच जणांचा ग्रुप, शनिवारी रात्री ऑनलाइन खेळतो, चौघं पुण्यात आणि एकजण न्यू जर्सीत, त्याची तेव्हा सकाळ असते, चहाचा कप हातात घेऊनच मरतो बिचारा. कँपेन (एकच लांबलचक गोष्ट) तीन वर्षं चालू आहे २०१४ च्या डीअँडडी रूल्सवर, सगळे लेव्हल ७ ला. आता २०२४ चं प्लेयर्स हँडबुक घेतलं आणि भांडणं सुरू. एकाचा हाफ-ऑर्क पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा), एकीची हाफ-एल्फ वॉरलॉक (करार करून जादू मिळवणारी), आणि नवीन पुस्तकात दोन्ही गायब, ऑर्क आहे एल्फ आहे पण मधलं काही नाही. वर अ‍ॅबिलिटीचे (ताकद, बुद्धी अशा गुणांच्या आकड्यांचे) बोनस स्पीशीजकडून (पात्राचा वंश) काढून बॅकग्राउंडला (पात्राचा पूर्वीचा पेशा) दिलेत. मग ऑर्क आणि हाफलिंगमध्ये फरक उरला काय?

माझं असं चाललंय की बॅकग्राउंडचा +२ ठेवायचा, पण +१ स्पीशीजचा फिक्स. ऑर्कला स्ट्रेंग्थ, हाय एल्फला इंटेलिजन्स वगैरे. आणि पॅलाडिनचा स्माइट (वाराला जादूचं जादा नुकसान जोडणं) जुनाच ठेवायचा, नाहीतर तो ग्रुप सोडेल म्हणतोय. बोला.

फासे_फितूर:
स्माइटचं नंतर, आधी +१ वाली गोची बघ. पॉइंट बायने (ठरलेल्या पॉइंट्समध्ये आकडे विकत घेणं) जास्तीत जास्त १५ घेता येतात. पुस्तकाप्रमाणे बॅकग्राउंडचे +२ आणि +१ वेगवेगळ्या अ‍ॅबिलिटीला जातात (किंवा तिघांना एकेक), म्हणजे पहिल्या लेव्हलला कोणाचाही आकडा १७ च्या वर जात नाही. तुझ्या रूलने सेज (विद्वान) बॅकग्राउंडचा हाय एल्फ विझार्ड (त्याची जादू इंटेलिजन्सवर चालते) १५ अधिक २ अधिक १, झाले १८, मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +४, आणि ऑर्क विझार्ड १७ वर, +३. २०१४ मध्ये काय होतं? एल्फ १६ वर +३, हाफ-ऑर्क १५ वर +२. म्हणजे तोच एकाचा फरक तू परत आणलास, फक्त एक मजला वर चढवून. खरं तर एकाचा फरक म्हणजे वीस फेकींत एखादीच वेगळी, पण खेळणारे त्या एकासाठी दोन तास शीट घेऊन बसतात हे तुलाही माहितीये.

बाकी नवीन रूल मलाही पूर्ण पटलेला नाही. सोल्जर घेतलास तर स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन यातच वाढ, त्यामुळे सैन्यातून आलेला विझार्ड करायचा म्हटलं की इंटेलिजन्सला शून्य. आधी सगळे विझार्ड एल्फ असायचे, आता सगळे सेज. आमच्याकडे +२ +१ कुठेही टाका असं केलंय, अजून तरी काही कोसळलं नाही.

थॅको_आजोबा:
जुन्या 'रेस'च्या जागी आलेल्या स्पीशीज शब्दावरून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक किस्सा. गावी मावसभावाला खेळ शिकवत होतो, सगळं मराठीत, आणि रेस निवड म्हणायच्या ऐवजी तोंडातून गेलं "आधी तुझी जात निवड". ओटीवर बसलेल्या काकांनी पेपर खाली ठेवला. पुढे मी समजावतोय की या जातीचे ताकदवान असतात आणि त्या जातीचे हुशार. स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि गप्प बसलो. डीअँडडीच्या २०१६ च्या एका पुस्तकात तर ऑर्कला इंटेलिजन्समध्ये सरळ वजा २ होते. (प्रजाती म्हटलं की जीवशास्त्राचा पेपर आठवतो ते वेगळं.)

आणि "ओरिजिनल खेळ बिघडवला" म्हणणाऱ्यांनी जरा मागे बघा. १९८१ च्या बेसिक आवृत्तीत एल्फ हाच क्लास (पात्राचं काम, योद्धा, जादूगार वगैरे) होता, ड्वार्फ हाच क्लास. अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत पॅलाडिन फक्त माणूस, ड्वार्फला जादूगार होणं बंद, ते सगळं उघडलं २००० साली थर्ड एडिशनला. तुमचा हाफ-ऑर्क १९८९ च्या हँडबुकमधून उडाला होता, २००८ च्या पहिल्या हँडबुकमधूनही उडाला होता, दोन्ही वेळा परत आला.

शपथवाला_पॅलाडिन:
स्माइटवर मी बोलतो, सहा वर्षं हेच खेळतोय. जुन्यात वार लागला की मग ठरवायचं, क्रिट (फाशावर वीस) पडला की स्लॉट (जादूचा साठा) ओतायचा, दोन वार लागले तर दोनदा, आणि त्या फाशांचा आवाज म्हणजे सुख. नव्यात तो स्पेल आहे, बोनस अ‍ॅक्शन (टर्नला एकच जादा कृती) लागते, म्हणजे टर्नला एकदाच, आणि समोरचा काउंटरस्पेल (जादू मोडणारी जादू) पण मारू शकतो, हे मला अजूनही झोंबतं. पण तुमच्या दोस्ताला विचारा, वेपन मास्टरी (शस्त्रांचे खास डाव) हवीये का? ले ऑन हँड्स (हात लावून जखम भरणं) बोनस अ‍ॅक्शनवर हवंय का? रोजचा एक फुकट स्माइट? ते सगळं घेऊन वर जुना स्माइट म्हणजे दोन्ही हातात लाडू. आमच्या डीएमने सरळ सांगितलं, एक क्लास एका पुस्तकातून घ्या, अर्धा इकडून अर्धा तिकडून नको. रागावलो होतो, पण खेळतोय.

फासे_फितूर:
पटलं. आणि हाफ-एल्फ गायब नाहीये रे, नवीन पुस्तकातच लिहिलंय की जुनी स्पीशीज वापरता येते, फक्त तिचे अ‍ॅबिलिटी बोनस सोडायचे आणि बॅकग्राउंडचे घ्यायचे. तिची वैशिष्ट्यं, म्हणजे डार्कव्हिजन (अंधारात दिसणं), फे अ‍ॅन्सेस्ट्री, दोन स्किल्स तसेच राहतात. वॉरलॉकवालीला सांग रडू नको. प्लेटेस्टमध्ये (पुस्तकाआधीच्या चाचणीत) तर २०२३ ला वॉरलॉकला हाफ-कास्टर (अर्धीच जादू येणारा) करायला निघाले होते, पॅक्ट मॅजिकच (वॉरलॉकची कराराची वेगळी जादू) काढून, लोकांनी बोंब मारली म्हणून परत आलं.

डीएम_बिचारा:
१८ चं लक्षातच आलं नव्हतं माझ्या, धन्यवाद. +१ रद्द, +२ +१ कुठेही टाका. हाफवाले दोघं जुन्या स्पीशीजवर. पॅलाडिनला दोन शीट्स बनवून दिल्या, एक पूर्ण जुनी एक पूर्ण नवी, या शनिवारी एकाच ट्रोलबरोबर दोन्ही लढवून बघणार. न्यू जर्सीवाला विचारतोय की यात त्याचा रोग (Rogue, चोरटा क्लास) नक्की कधी खेळणार.