पंधरा हजारांत आधी काय: यूपीएस की दुसरा मॉनिटर?

जळगावकर (धागाकर्ता): भाचा घरून काम करतो, डेस्कटॉपवर. पंधरा हजार बाजूला ठेवलेत आणि यादी केलीय: दुसरा मॉनिटर, मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो तो), मॉनिटर आर्म, टेबलामागे लावायची रंगीत एलईडी पट्टी. यूपीएसचं, म्हणजे लाइट गेल्यावर थोडा वेळ मशीन चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या डब्याचं, नाव नाही! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, घरोघरी कूलर-एसी सुरू झाले की व्होल्टेज नाचायला लागतं, आणि वळवाच्या वादळात लाइट गेली की गेलीच. सेव्ह न केलेलं काम उडाल्यावर मॉनिटर दोन काय नि चार काय? आधी यूपीएस आणि अर्थिंग, मग बाकीचे लाड.

धुळेवाला: भो, घाबरवू नका पोराला. लॅपटॉप घेतला असता तर बॅटरी आतच होती. डेस्कटॉप आहे तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो. साधारण ३६० वॅट मिळतात, फाइल सेव्ह करून मशीन बंद करायला तेवढं बास. ग्राफिक्स कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. पण कामाचा वेग वाढवतो तो मॉनिटरच. माझं जीएसटीचं काम, एकीकडे टॅली, दुसरीकडे पोर्टल. आकडे बघायला सारखं ऑल्ट-टॅब करावं लागलं असतं तर मार्चमध्ये वेड लागलं असतं.

भुसावळ: बठ्ठं बरोबर शे, पण यूपीएस घेतला की सुटलो असं कोणी समजू नका. आतली लेड-ॲसिड बॅटरी २५ अंशांचा हिशेब धरून बनवलेली असते. त्यावर दर दहा अंशांना आयुष्य जवळपास निम्मं होतं. पत्र्याखालच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवाल तर दुसऱ्या उन्हाळ्यात नुसती टूं-टूं करेल. आणि कूलरचा झोत कॅबिनेटवर नको. ओलसर हवा आणि आपली धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर जो चिखल बसतो, तो ब्लोअरने उडत नाही, ब्रशने खरवडावा लागतो.

चाळीसगाव डीटीपी: कीबोर्डला लाड म्हणणाऱ्यांनी दिवसभर इनस्क्रिप्टमध्ये (देवनागरी टायपिंगची बटणांची मांडणी) लग्नपत्रिका टाइप करून बघाव्यात. डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं, हात बसला की खाली बघायचं कामच नाही. म्हणून बटणांवर देवनागरी अक्षरं छापलेली नसली तरी अडत नाही. मेकॅनिकलच्या टोप्या उपटून धूळ काढता येते. हॉट-स्वॅप, म्हणजे सोल्डरिंगशिवाय स्विच काढता-घालता येणारा, असेल तर बिघडलेला एकच स्विच बदलायचा. फक्त निळे स्विच घेऊ नका, रात्री टकटक ऐकून घरचे उठतील.

धुळेवाला: एलईडी पट्टी घेऊ द्या, गणपतीत कामी येईल.

जळगावकर: हसा. अर्थिंगबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात असं भाचाच सांगतो. त्यावर हजारोंचा मॉनिटर जोडायचा?

भुसावळ: मुंग्या येत असतील तर मॉनिटर-कीबोर्ड राहू द्या, आधी वायरमन बोलवा. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज बघायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर वायरिंग तपासून घ्या.

धुळेवाला: हे मान्य. पण वायरमनचे पैसे मामांनी द्यावेत, मॉनिटरच्या पंधरा हजारांतून नाही.