मिशनच्या बालगृहाला भेटवस्तू द्यायची आहे, पण सिस्टर म्हणतात खाटा नकोत. मग काय द्यावं?

सत्तेचाळीस_नंबर

नावाचं आधी सांगते. वाळत घातलेले फ्रॉक ओळखू यावेत म्हणून आमच्या प्रत्येक कपड्याला आतून लाल दोऱ्याने नंबर शिवलेला असायचा. माझा 47. अजूनही कुठे 47 दिसला की मान वळते.

1984 ते 1995 मी नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या बालगृहात होते. वडील नव्हते, आई ऊसतोडीला जायची. दसऱ्यानंतर टोळी निघाली की मला कोण सांभाळणार, म्हणून तिने आणून सोडलं. कागद नाही, पत्र नाही. मदरने नाव लिहून घेतलं, आईने अंगठा दिला, झालं. आम्ही शंभरावर मुली होतो. त्यातल्या खरोखर अनाथ पाच-सहा असतील. बाकीच्यांना कोणी ना कोणी होतं, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चिवड्याची पुडी घेऊन येणारं.

लिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच घंटा. साडेपाचला ठणठण. आंघोळीला एकेकीला दोन डबे पाणी. डबा म्हणजे परदेशी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, वरून तारेची कडी बसवलेला. त्याच परदेशी मदतीतून बल्गर गहू यायचा, त्याचा उपमा. (बल्गर खाल्लेली माणसं इथे असतील तर हात वर करा.) शनिवारी उवांचा दिवस. ओळीने एकीच्या मागे एक बसायचं, पुढचीचं डोकं आपण बघायचं, आपलं मागचीने. शेवटचीचं मावशी बघायच्या, त्यामुळे शेवटी बसायला भांडणं.

वर्षातून दोनदा परदेशातल्या देणगीदार पालकांना पत्र लिहायचं, फळ्यावरून उतरवून. एकदा मी मध्येच माझं एक वाक्य घातलं की आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली. सिस्टर रागावल्या नाहीत. नुसता दुसरा कागद दिला.

आता मुद्दा. आम्ही जुन्या चौदा जणींनी मिळून 92 हजार जमवलेत. ठरलं होतं 20 लोखंडी खाटा आणि गाद्या द्यायच्या, कारण आम्ही जमिनीवर सतरंजीवर झोपलो. जूनमध्ये विचारायला गेले तर सिस्टर हसल्याच. म्हणाल्या, "मुली 19, खाटा 40 पडून आहेत." मोठ्या हॉलला कुलूप. रूळ अजून लिंबाला आहे, पण बडवत कोणी नाही. प्रार्थनेला ज्यांना यायचं त्या येतात, बाकीच्या तेव्हा अभ्यास करतात. आमच्या वेळी ताप असला तरच सुटका.

कुलूप लावलेला हॉल बघून रडू आलं. घरी येताना एसटीत स्वतःचाच राग आला. तो भरलेला हवा होता का मला?

तर, काय द्यावं? आणि एवढ्या मुली गेल्या कुठे? सिस्टरना खोदून विचारायचा धीर झाला नाही. आमच्यातली एक दुबईला असते, तिचे पैसे चालतील का तेही सांगा.

निवृत्त_परिविक्षा

ताई, महिला व बालविकास खात्यात 26 वर्षं काढली, म्हणून लिहितो.

तुमच्या आईने तुम्हाला जसं आणून सोडलं तसं आता कोणत्याच संस्थेला घेता येत नाही. 2015 चा बाल न्याय कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला. मूल सापडलं किंवा कोणी आणलं तरी प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. समिती आदेश देईल तरच प्रवेश. संस्था मिशनची असो की मठाची, कलम 41 खाली नोंदणी सक्तीची. आणि समितीचा पहिला प्रश्न असतो, घरी कोण आहे? गरिबी एवढंच कारण असेल तर मुलाला घरीच ठेवून मदत द्यायची, असं धोरण आहे. आपल्याकडे बालसंगोपन योजनेत महिन्याला 1,100 रुपये मिळायचे, 2023 मध्ये ते 2,250 झाले. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत 4,000 आहेत. पैसे वेळेवर येतात का, हे मला विचारू नका.

त्यात कोरोना. 2020 मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना लिहिलं की संस्थांतली मुलं 100 दिवसांत घरी पाठवता येतात का ते पाहा. तेव्हा गेलेल्यांपैकी पुष्कळ परत आलीच नाहीत.

म्हणजे तुमच्या शंभरपैकी पंचाण्णव जणी आजच्या हिशेबाने बालगृहात नसत्या.

दुबईच्या मैत्रिणीचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल तर मात्र संस्थेकडे विदेशी देणगीच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात.

बिनभिंतीची

साहेब, धोरण वाचायला छान आहे. मीही मिशनमध्येच वाढले, दुसऱ्या जिल्ह्यात. माझ्या खोलीतली एक मुलगी सातवीत असताना "आई आहे की" म्हणून घरी पाठवली. कायदा यायच्या पुष्कळ आधीची गोष्ट आहे, तेव्हा कायद्याला दोष देत नाही. पंधराव्या वर्षी तिचं लग्न लावलं. आई होती, पण आईचं घरात काही चालत नव्हतं. घरी पाठवल्यावर जाऊन बघणारं कोणी लागतं. तिच्याकडे कोणीच गेलं नाही.

47ताई, रडू आलं त्याचा राग कशाला? ते आपलं घर होतं.

केडगावजवळची

थोडं विषयांतर. माझ्या आजीची आई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात वाढली. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून बायका-मुली आणल्या होत्या, त्यातली ती. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही आल्या, आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथल्या बायका विणकाम करायच्या, छापखाना चालवायच्या. रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबल त्यांनीच छापलं. पणजी टाइप जुळवायची. आमच्या घरात ती एकटीच होती जी वर्तमानपत्र उलटं धरूनही वाचायची.

तेव्हा दुष्काळाने भरलं, तुमच्या वेळी ऊसतोडीने. आताच्या 19 कशामुळे आल्या ते सिस्टरना विचारा, म्हणजे काय द्यायचं ते कळेल.

रात्रपाळीची_गृहमाता

तुम्ही सिस्टरना विचारायच्या आधी मीच सांगते, कारण माझी नोकरी अशाच ठिकाणी आहे.

आमच्याकडे सध्या ज्या येतात त्या बालविवाह मोडून आणलेल्या, घरातल्याच माणसाने त्रास दिलेल्या, स्टेशनवर सापडलेल्या. पूर्वीच्या मुलींना पोटभर जेवण आणि शाळा दिली की त्या फुलायच्या, असं आमच्या जुन्या सिस्टर सांगतात. आताची मुलगी ताटावर बसते आणि भात चिवडत राहते. एक मुलगी दोन महिने दाराकडे तोंड करूनच झोपायची. आम्ही खाट फिरवली, तर ती उशी फिरवायची. दिवा बंद केला की उठून बसायची. शेवटी पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू ठेवायला लागलो, बिलावरून बोलणी खाल्ली.

खाऊ, केक, जुने कपडे नकोत. वाढदिवस करायला येणारे भरपूर आहेत. एकाच रविवारी तीन केक कापून मुलींना उलट्या झाल्यात. समुपदेशक आठवड्यातून एकदा येते, तिला दोनदा बोलवायचे पैसे नसतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे अठरा पूर्ण होणं. कायद्यात 21 पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या मदतीची, सोय आहे, पण गाठोडं घेऊन दारात उभी राहिलेल्या मुलीला त्या दिवशी खोली लागते. डिपॉझिट कोण भरणार? आई-वडील दोघंही नाहीत त्यांना अनाथ प्रमाणपत्र मिळतं, 2018 पासून नोकरीत-शिक्षणात 1 टक्का आरक्षण आहे. तो कागद अठराच्या आत हातात पडलेला बरा.

एक विनंती. गेलात तर मुलींचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. बाल न्याय कायद्याचं कलम 74 आहे, ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहऱ्यावर फुलाचं चित्र चिकटवून काही होत नाही.

सत्तेचाळीस_नंबर

सगळ्यांचे आभार. दुबईवालीचा पासपोर्ट भारतीयच आहे, विचारलं.

परवा फोन केला. सिस्टरना थेट विचारलं, अठराच्या किती? दोघी, मार्च आणि मेमध्ये. एकीला नर्सिंगला जायचंय, दुसरीने अजून सांगितलेलं नाही. आम्ही 60 हजार त्या दोघींच्या खोलीच्या डिपॉझिटला आणि पहिल्या काही महिन्यांच्या भाड्याला ठेवतोय, उरलेले समुपदेशक बाईंच्या दुसऱ्या फेरीला. आमच्यातल्या तिघी अजून खाटांवरच अडून आहेत. त्यांचं म्हणणं, भाड्यावर आपलं नाव कुठे घालणार? भांडण चालू आहे.

बिनभिंतीची, तुमची मैत्रीण कुठे असते आता? सांगायचं नसेल तर राहू द्या.

सिस्टरनी फोन ठेवताना विचारलं, रूळ काढून भंगारात द्यायचाय, तुम्हा जुन्यांपैकी कोणाला हवाय का. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तरी हो म्हटलंय. तो घरी कसा आणायचा, हा आता पुढचा प्रश्न.