शब्दचर्चा : शिस्त की अनुशासन? (आणि शासन, बंदोबस्त वगैरे)

मुग्धा_दादर
आमच्या विभागात रहिवासी आणि वाहतूक पोलीस मिळून एक पत्रक काढत आहेत. मूळ मजकूर हिंदीत आला, मराठी करायचं काम माझ्याकडे. पहिलंच वाक्य ‘अनुशासन ही नागरिक की पहचान है’. मी ‘शिस्त हीच नागरिकाची ओळख’ असं केलं. समितीतल्या एका ज्येष्ठ काकांनी ‘शिस्त’ खोडून ‘अनुशासन’ लिहिलं. शिस्त फारसी आहे, आपला शब्द हाताशी असताना उसना कशाला, असं त्यांचं म्हणणं.
मला ‘अनुशासन’ मराठी वाटतच नाही. पण ‘शिस्त’ही पुरता पटत नाही, कारण शिस्त म्हटलं की कुणीतरी समोर उभं राहून दरडावतंय असं वाटतं. माणसाने कुणी बघत नसतानाही सिग्नलला थांबावं, त्या गुणाला मराठीत काय म्हणतात? बुधवारी छपाईला द्यायचंय.

ठाकूरद्वारचे नाना
‘अनुशासन’ नकोच. माझ्या पिढीला तो शब्द १९७५ सालापासून चिकटलाय. विनोबांनी मौनात असताना ‘अनुशासन पर्व’ लिहून दिलं आणि सरकारने ते आणीबाणीचं प्रशस्तिपत्र म्हणून भिंतीभिंतीवर लावलं. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं असतं ते शासन. अनुशासनपर्व हे महाभारतातलं तेरावं पर्व, शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला उपदेश करतात ते. हातात सत्ता नसलेल्या माणसाने सांगितलेलं आणि ऐकणाऱ्याने आपखुशीने घेतलेलं, असा मूळ अर्थ. पण खुलासा कुणी वाचला? भिंतीवरचे दोन शब्द राहिले.

वाटसरू
नाना, अर्थ इतका चांगला असेल तर तोच मुग्धाताईंना हवाय की! कुणी बघत नसतानाही पाळायचं ते. राजकारण्यांनी विटाळला म्हणून शब्द टाकून द्यायचा का? मग ‘विकास’ही टाकावा लागेल.

सुलभा_गोरेगाव
पत्रक वाहनचालकांसाठी आहे, उपनिषदाच्या वर्गासाठी नाही. रिक्षावाल्या दादांना ‘अनुशासन’ कळेल, पण हिंदी म्हणून कळेल.

काटेकोर
काकांचं म्हणणं बरोबर आहे आणि इथे कुणी ते गांभीर्याने घेत नाही याचं वाईट वाटतं. शिस्त हा फारसी शब्द, त्याचा मूळ अर्थ नेम. उर्दूत आजही ‘शिस्त बाँधना’ म्हणजे नेम धरणं. उलट शास् धातूपासून आपल्याकडे केवढं कुटुंब आहे : शासन, शास्त्र, शिष्य, शिष्ट, अनुशासन. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तो याच कळकळीने. सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’ दिले तेव्हाही लोक नाकं मुरडत होते, आज मेयर कोण म्हणतं? वापरलं की रुळतं. प्रश्न इच्छेचा आहे.

सुलभा_गोरेगाव
मग ‘बेशिस्त’ला काय म्हणणार? अननुशासित? ‘अननुशासित वाहनचालकांवर कारवाई’ असा मथळा एकदा मोठ्याने वाचून बघा.

वाटसरू
माझ्या आजोबांच्या मते शिस्त ‘शिष्ट’वरूनच आला. शिष्ट, शिश्ट, शिस्त. फारसीचं काही नाही.

काटेकोर
ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. मी शुद्ध मराठीचा पुरस्कर्ता आहे, पण खोट्या वंशावळी जोडून नव्हे. शिस्त परका आहे म्हणूनच तो बदला म्हणतोय.

मालवणची पोर
तुम्ही सगळे शिस्त आणि अनुशासनात अडकलात. आमच्या घरात दोन्ही शब्द नव्हते. आजी म्हणायची ‘वळण’. पोराला चांगलं वळण आहे, हिला वळणच नाही, त्या घरचं वळणच तसं. हा अस्सल मराठी शब्द आणि मुग्धाताई म्हणतात तो अर्थ त्यात आहे. वळण लागलेला माणूस कुणी बघतंय का हे बघत नाही. अक्षरालाही वळण असतं, एकदा बसलं की हात आपोआप तसाच फिरतो.

मुग्धा_दादर
वळण खरंच सुंदर आहे! पण वाहतुकीच्या पत्रकावर ‘वळण हीच नागरिकाची ओळख’ लिहिलं तर लोकांना ‘पुढे धोक्याचे वळण आहे’ आठवेल. आणि वळण लहानपणी घरात लागतं. चाळिशीच्या गाडीवाल्याला कुठून लावणार?

कायद्याचा विद्यार्थी
इथे मला क्रियापदं महत्त्वाची वाटतात. शिस्त लावतात, शिस्त लागते, शिस्त पाळतात. सवय लागते, वळण लागतं, तसंच. पण वर्तमानपत्रांत आणि भाषणांत बघा, जवळजवळ सगळीकडे ‘लावणे’ आहे. ‘मुंबईकरांना शिस्त लावली पाहिजे’, ‘फेरीवाल्यांना शिस्त लावा’. लावणारा कोण ते सांगितलेलं नसतं आणि लावून घेणारा कायम दुसराच असतो. दरडावण्याचा सूर या ‘लावणे’तून येतो. ‘शिस्त पाळू या’ लिहिलंत तर बराच कमी होईल.

नायगावचा
‘लागणे’ निघालंच आहे तर लिहितो. मी नायगावच्या पोलीस वसाहतीत वाढलो. वडील शिपाई म्हणून भरती झाले, हवालदार होऊन निवृत्त झाले. आमच्याकडे लागायचा तो बंदोबस्त. ‘ह्यांना बंदोबस्त लागलाय’, आई शेजारी सांगायची आणि त्यात सगळं आलं : आज जेवायला नाहीत, उद्याही बहुतेक नाहीत. घरी दीड दिवसाचा गणपती, पण आरतीला वडील असायचेच असं नाही. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटी. लालबागचा राजा पाण्यात जाईपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असायचा. दुपारी घरी आले की दाराबाहेरच बूट उलटे करून वाळू झाडायचे. मोजे इतके ओले आणि घट्ट बसलेले की आई खाली बसून ओढून काढायची. मग ते तसेच, जेवणसुद्धा न करता झोपायचे.
बंदोबस्त हाही फारसीच शब्द, बंद आणि बस्त, दोन्ही बांधण्याचे. काटेकोरसाहेब, याला संस्कृत पर्याय द्या आणि मग वसाहतीतल्या एखाद्या बाईला तो वापरून दाखवायला सांगा.
मराठीत या शब्दाचे तीन अर्थ झालेत. ‘पाण्याचा बंदोबस्त केलास का?’ म्हणजे सोय. ‘चौकात बंदोबस्त आहे’ म्हणजे पहारा. आणि ‘उंदरांचा बंदोबस्त करा’ म्हणजे नायनाट. पोलिसांना लोक तिसऱ्या अर्थाने सांगायला यायचे. ह्या पोरांचा बंदोबस्त करा, त्या भाडेकरूचा बंदोबस्त करा. वडील म्हणायचे, तक्रार द्या, लिहून घेतो. तक्रार म्हटलं की अर्धे परत जायचे.

ठाकूरद्वारचे नाना
फार छान लिहिलंत. हवालदार शब्दाचंही सांगायला हवं. हवाला म्हणजे सोपवणूक, ताबा. ज्याच्या हवाली केलं तो हवालदार. शिवकाळात गडाचा मुख्य अधिकारी हवालदार, किल्ल्या त्याच्याकडे. शब्द तोच, हुद्दा मात्र उतरत उतरत चौकातल्या माणसापर्यंत आला. आणि ‘हवाला’चं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

एसटीवाला
नाना, जुनं सगळं छान हे ठीक. पण आणीबाणीबद्दल तुमच्याशी असहमत. तेव्हा मी नोकरीला नुकता लागलो होतो. साडेदहाच्या ठोक्याला माणसं टेबलावर दिसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्या माणसांना वचक लागतो. वचक गेला की सगळं सैल. आज पोलिसांचा वचक राहिलेला नाही, हे दुखणं आहे. शब्द कुठलाही छापा.

ठाकूरद्वारचे नाना
मीही पाहिलंय. तीच माणसं मार्च १९७७ नंतर साडेअकराला यायला लागली, तेही पाहिलंय. मग ती शिस्त होती की धाक? मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत. धाक, वचक, जरब, दरारा हे सगळे समोरच्याच्या मनातल्या भीतीचे शब्द आहेत. भीती घालणारा हलला की संपले. त्या वेळेवर येण्याची किंमत म्हणून माणसं खटल्याशिवाय तुरुंगात होती आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. मला ती किंमत आजही मान्य नाही.

एसटीवाला
नाना, तुरुंगाचं समर्थन मी करत नाही. पण कुर्ल्याला स्टेशनबाहेर दहा मिनिटं उभे राहा आणि मग धाक नको म्हणून सांगा.

मालवणची पोर
वचक हा ‘वाचा’वरून आला असेल का? बोललेलं ऐकावं लागतं असा?

काटेकोर
वचकणे हे क्रियापद आहे : दचकणे, बिचकणे, वचकणे. वाचेशी त्याचा संबंध लावू नये.

सुलभा_गोरेगाव
धाक की स्वयंशिस्त हे भांडण ऐकताना माझं डोकं तापतं, कारण दोन्हीकडून दोष माणसाचाच ठरतो. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोडचा पूल, आज स्टेशनला प्रभादेवी म्हणतो ते. पावसाची सर, अरुंद जिना, एका वेळी आलेल्या गाड्या. २३ माणसं गेली. त्यांच्यात कुठली शिस्त कमी होती? गिरण्यांच्या जागी ऑफिसांचे मनोरे आले, उतरणारी गर्दी वाढत गेली, पूल तेवढाच राहिला. आमच्याकडे रूळ ओलांडू नका असे फलक आहेत. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ओलांडू नयेच, मी मुलाला तेच शिकवते. पण पूल फलाटाच्या एका टोकाला असेल आणि वस्ती दुसऱ्या टोकाला, तर ‘बेशिस्त प्रवासी’ हा शब्द कुणाला वाचवतो, हेही विचारलं पाहिजे. बेशिस्त हे विशेषण नेहमी चालणाऱ्याला, चढणाऱ्याला, गाडी हाकणाऱ्याला लागतं. बेशिस्त नियोजन, बेशिस्त खातं असं कधी वाचलंय?

कायद्याचा विद्यार्थी
तिथे ‘भोंगळ’ वापरतात. भोंगळ कारभार. बेशिस्तीला दंड असतो, भोंगळपणाला नसतो.

वाटसरू
आणि ‘शासन’ला दोन्ही अर्थ. गुन्हेगाराला कडक शासन झालं पाहिजे म्हणजे शिक्षा. महाराष्ट्र शासन म्हणजे सरकार. एकाच शब्दात राज्य करणं आणि शिक्षा करणं, यातच सगळं आलं. आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! तीही शास्‌चीच लेक.

काटेकोर
नाही. शिक्षा शक्‌वरून. शक् म्हणजे समर्थ असणं, त्याचं इच्छार्थक रूप शिक्ष्. करता यावं अशी इच्छा, म्हणून शिकणं. मराठीत ती छडीपर्यंत कशी पोचली हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

मालवणची पोर
सरकार पडतं, शासन पडत नाही. कुणी ‘शासन पडलं’ म्हणतं का? सरकार म्हणजे आज आहेत ती माणसं, आणि शासन म्हणजे जीआरवर असतं ते, कायमचं. आमच्या आईला मदतीचा हप्ता मिळाला की ‘सरकारने दिला’ म्हणते. अर्ज परत आला की ‘शासनाकडून आला’.

नायगावचा
एसटीवालेकाका, वचक राहिला नाही असं वडिलांसमोर कुणी म्हटलं की ते एकच विचारायचे, कुणाचा जबाब घ्यायचा सांगा. त्यांच्या लेखी पोलिसाचं काम म्हणजे जबाब नोंदवणं. आणि जबाबदार म्हणजे ज्याला जबाब द्यावा लागतो तो. हल्ली मराठीत जबाबदारी म्हणजे ओझं झालंय. घराची जबाबदारी, मुलांची जबाबदारी, अंगावर पडली, खांद्यावर आली. विचारल्यावर उत्तर द्यायचं, हा भाग गळालाच. मुग्धाताई, पत्रकात दोन्ही बाजू येऊ द्या. आम्ही सिग्नल पाळू, आणि सिग्नल महिनोन्‌महिने बंद असेल तर कोण उत्तर देणार त्या हुद्द्याचं नावही खाली छापा.

काटेकोर
त्याला नेमका शब्द आहे, उत्तरदायित्व.

सुलभा_गोरेगाव
शब्द आहे, पण तो फक्त अहवालांत भेटतो. ‘याला जबाबदार कोण?’ हे लहान मूलही विचारतं. ‘याचं उत्तरदायित्व कुणाचं?’ हे कुणी रागात विचारलेलं मी ऐकलेलं नाही. रागात तोंडी येत नाही तो शब्द अजून आपला झालेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

एसटीवाला
पोलिसाला रोज शंभर जणांनी जाब विचारला तर तो काम कधी करणार? बारा-बारा तास उन्हात उभा असतो तो.

नायगावचा
काका, जाब शिपायाला विचारतातच. रोज. वर कुणी विचारत नाही.

मुग्धा_दादर
हुद्द्याचं नाव छापायला समिती तयार होईल असं वाटत नाही, पण मी मांडणार आहे. शब्दाचं अजून ठरलेलं नाही. काका ‘अनुशासन’ सोडत नाहीत.

वाटसरू
दंडाचा विषय निघालाय म्हणून विचारतो. आता दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली ना? मग बातम्यांत अजून ‘भादंवि कलम अमुक’ का लिहितात? सवय?

कायद्याचा विद्यार्थी
प्रत्येक वेळी सवय नसते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला भादंविचंच कलम लागतं, खटला आज चालू असला तरी. त्यामुळे भादंवि अजून बरीच वर्षं छापून येईल. फसवणुकीचं कलम नव्या संहितेत ३१८ आहे.

ठाकूरद्वारचे नाना
म्हणजे आता भामट्याला ‘तीनशेअठरा’ म्हणायचं? ते होणार नाही. चारशेवीस कायद्यातून गेला तरी तोंडातून जाणार नाही.

काटेकोर
‘भामटा’ आहेच की. अस्सल मराठी. चारशेवीस हवाच कशाला?