मदत हवी आहे: बाबांचा नंबर नेमका कुठून फुटला?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. मागच्या महिन्यात बाबांची शुगर तपासायला एका लॅबच्या ॲपवरून घरी माणूस बोलावला. रिपोर्ट आला संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पहिला फोन, "काका, डायबिटीस मुळापासून घालवायचाय का?" तेव्हापासून दिवसाला सात-आठ. एकीला तर त्यांचं वयही ठाऊक होतं. बाबा आता फोन वाजला की मुकाट्याने माझ्याकडे सरकवतात. आईचं म्हणणं, यांनीच कुठेतरी भलतं बटण दाबलं.

ॲपच्या परवानग्या पाहिल्या तर कॉन्टॅक्ट्स, लोकेशन सगळं चालू. रक्त काढायला कॉन्टॅक्ट्स कशाला लागतात, देव जाणे! ॲप काढून टाकलं, पण तेवढ्याने त्यांच्याकडची माहिती जात नाही हे नंतर कळलं. १९०९ वर डीएनडीही, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत असं, नोंदवलं. साध्या दहा आकडी नंबरांवरून येणारे फोन चालूच आहेत.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याची तरतूद आहे. लॅबला तसा मेल केला. उत्तर आलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." बस्स.

कोणी असा अर्ज करून खरंच माहिती पुसून घेतली आहे का? मजकूर काय लिहिला होता? आणि ठाण्यात अजून कागदावर रिपोर्ट देणारी, नंबरासाठी अडून न बसणारी लॅब कुणाला माहीत आहे का? नौपाडा, गोखले रोड चालेल. बाबा बसने येतील.