सासऱ्यांसाठी स्टेअरलिफ्ट घ्यायची आहे, काय बघून घ्यावी?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार. आमचं रो हाऊस आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि भारतीय पद्धतीचा संडास. झोपायच्या खोल्या आणि कमोड वर. सासरे ८१ वर्षांचे. दोन्ही गुडघे पार झिजलेत आणि हृदयाच्या त्रासामुळे डॉक्टर ऑपरेशनला नको म्हणतात. सकाळी कठड्याला धरून कसेबसे खाली येतात आणि सारखं वर जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच कमी पितात. हे कळल्यापासून मला चैन नाही.

जिना मधे लँडिंग घेऊन उलटा फिरतो. रुंदी ३४ इंच, पायऱ्यांना ग्रॅनाइट. स्टेअरलिफ्ट म्हणजे जिन्यावर बसवलेल्या रेलवरून माणसाला वर-खाली नेणारी खुर्ची, तिच्यासाठी एका कंपनीचा माणूस मापं घेऊन गेला. वळणाच्या रेलचं कोटेशन सरळ रेलच्या जवळजवळ तिप्पट आलंय. ग्रॅनाइट तडकेल का? लाइट गेली तर बाबा मधेच अडकतील का? आणि एवढा खर्च करून ३४ इंचांत हे नीट बसेल का? ज्यांच्या घरी आहे त्यांनी कृपया सांगा.

सुलभा_कोल्हापूर

मृण्मयी, आमच्याकडे आईसाठी बसवली आहे, रोज वापरात आहे. तुझं पाण्याचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. पैशांचं नंतर बघू, आधी मापं.

३४ इंच कुठून कुठपर्यंत मोजलेस? कठड्याचा पाइप आत येत असेल तर तेवढं कमी धर. या खुर्चीत माणूस जिन्याला आडवा बसतो, त्यामुळे गुडघे थेट समोरच्या भिंतीकडे किंवा कठड्याकडे येतात. बाबांना साध्या खुर्चीत पाठ टेकून बसव आणि पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत मोज. रेल आणि खुर्चीची पाठ किती जागा खाते ते कंपनीकडून घे आणि त्यात मिळव. गुडघा काटकोनात वाकत नसेल तर पाऊल आणखी पुढे येतं. माझ्या आईचा डावा पाय पुरता वाकत नाही, बुटाचं टोक कठड्याच्या सळ्यांना घासायचं. शेवटी फॅब्रिकेटरला बोलावून कठडा पायऱ्यांच्या बाहेरच्या अंगाला बसवून घेतला, मग मोकळी जागा झाली.

रेल भिंतीवर नाही, पायऱ्यांवर उभी राहते. त्यामुळे भिंत कशी आहे याची काळजी नको, ग्रॅनाइटची मात्र घे. प्रत्येक पायरी किल्लीने ठोकून ऐक. कुठे पोकळ वाजली तर खाली माल नीट भरलेला नाही, तिथे भोक पाडू देऊ नकोस. रेलला पायरीवर धरून ठेवणारा ब्रॅकेट बहुतेक वेळा शेजारच्या पायरीवर सरकवता येतो. डायमंड बिट, थोडं थोडं पाणी आणि ड्रिलचा हॅमर बंद, एवढं पाळलं की ग्रॅनाइट सहसा तडकत नाही. माहितीतला ग्रॅनाइटवाला मिस्त्री त्या दिवशी उभा ठेव.

लाइट गेली तरी खुर्ची चालते. आत बॅटऱ्या असतात, बहुतेक १२ व्होल्टच्या दोन, त्यांच्यावर बऱ्याच फेऱ्या होतात. खुर्ची ठरलेल्या थांब्यावर उभी असेल तरच त्या चार्ज होतात, मधे सोडली तर बीप वाजत राहतो. आपल्याकडे रात्री सगळी बटणं बंद करायची सवय असते. त्या बटणावर चिकटपट्टी लाव, खरंच लाव.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वरचं टोक. खुर्ची वर पोचल्यावर फिरून लॉक झाली पाहिजे, म्हणजे उतरताना तोंड खोलीकडे आणि जिना पाठीमागे राहतो. रेल शेवटच्या पायरीच्या थोडी पुढे नेऊन वळवता येत असेल तर ते पैसे जरूर घाल. पडण्याची भीती बसून जाताना नसते, उठताना असते. फिरणं हाताने की मोटरने, हेही विचार. बाबांच्या बोटांत जोर कमी असेल तर मोटरचं घे.

वळणाची रेल महाग का, तर ती तुमच्याच जिन्याच्या मापाने वाकवून येते. घर बदललं तर दुसरीकडे उपयोग जवळजवळ शून्य. सरळ रेल कापून दुसऱ्या घरी लावता येते. काहीजण लँडिंगच्या खाली-वर दोन सरळ खुर्च्या बसवतात, स्वस्त पडतं. पण मग लँडिंगवर उठून दुसऱ्या खुर्चीत बसायचं. ८१ वर्षांच्या झिजलेल्या गुडघ्यांना मी ते सांगणार नाही.

सर्व्हिसवाला कुठून येणार, किती तासांत येणार, बॅटरी वॉरंटीत आहे का, हे लेखी घे. आमच्याकडे माणूस पुण्याहून येतो. दिवाळीत खुर्ची बंद पडली तेव्हा आईला चार दिवस वरच राहावं लागलं.

फिजिओ_ठाणे

सुलभाताईंशी सहमत. एक भर घालते. बाबांना हाताच्या खुर्चीतून कोणाचा आधार न घेता उठता येतं का ते आधी बघा. येत असेल तर स्टेअरलिफ्ट उत्तम. पार्किन्सनमध्ये पाय अचानक थिजत असतील, किंवा विसरभोळेपणा इतका असेल की पट्टा लावायचं लक्षात राहत नाही, तर सोबत कोणीतरी हवंच. पक्षाघात असेल तर चांगल्या हाताच्या बाजूलाच कंट्रोल घ्या. वर-खाली दोन्हीकडे वॉकर ठेवा, नाहीतर खुर्चीतून उतरल्यावर पहिली दोन पावलं आधाराविना पडतात.

आणि खुर्ची बसेपर्यंत थांबू नका. खालच्या संडासात कमोड बसवून दोन्ही बाजूंना ग्रॅब बार लावा. रेल तयार होऊन यायला वेळ लागतो, तोवर त्यांना पोटभर पाणी पिता आलं पाहिजे. वयस्कर माणसाला पाणी कमी पडलं की चक्कर, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, सगळं मागे लागतं.

डोंबिवलीकर

आमची बिल्डिंग बिनलिफ्टची, तिसरा मजला. सोसायटीच्या जिन्यावर अशी खुर्ची बसवता येईल का?

सुलभा_कोल्हापूर

डोंबिवलीकर, तो जिना सगळ्यांचा आणि आग लागली तर बाहेर पडायची वाटही तीच. खुर्ची घडी केली तरी रेल आणि सीट जागा अडवतात. सोसायटीची लेखी परवानगी आणि अग्निशमनाचे नियम बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. अशा ठिकाणी जिना चढणारी, अटेंडंटने चालवायची व्हीलचेअर बघा, ती कशालाही ठोकावी लागत नाही. मात्र चालवणारा माणूस धडधाकट आणि शिकवलेला हवा.

मृण्मयी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मोजलं. कठड्याचा पाइप वगळून ३१ इंचच निघाले आणि बाबांचा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. कठडा बाहेर घेण्याबद्दल फॅब्रिकेटरशी बोलते. कंपनीला सांगितलंय की नाशिकमध्ये बसवलेलं एखादं घर दाखवा, बाबांना तिथे बसवून बघितल्याशिवाय ऑर्डर देणार नाही. खालच्या कमोडसाठी प्लंबर उद्या सकाळी येतोय. सुलभाताई, ठोकून बघितलं तर लँडिंगच्या अगदी वरची पायरी पोकळ वाजते. ती उखडून परत बसवून घ्यावी, की ब्रॅकेट सरकवलेला पुरे?

सुलभा_कोल्हापूर

वळणापाशी रेलला आधार नेमका लागतोच, तिथे सरकवायला फारसा वाव नसतो. पायरी काढून खाली माल भरून परत बसवून घे आणि चांगली सुकू दे. मगच कंपनीला शेवटची मापं घ्यायला बोलाव, कारण पायरीची उंची थोडी जरी बदलली तरी त्यांना ती नवी लागेल.