२ इंच लिफ्ट केलेल्या जिमनीला २३५/७५ आर१५ : रिम तेच ठेवावेत की बदलावेत?

कोलशेत_०४

गाडी मारुतीची पाच दरवाज्यांची जिमनी, अल्फा मॉडेल, मॅन्युअल गिअर. २ इंच लिफ्ट झाली आहे (गाडी उंच केली आहे), म्हणजे फक्त स्प्रिंग आणि शॉकअप बदललेत. पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणारा दांडा), रेडियस आर्मचे (अ‍ॅक्सलला पुढे-मागे धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, ब्रेकचे होस (नळ्या) सगळं कंपनीचंच. कंपनीचे १९५/८० आर१५ (रुंदी १९५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंची) टायर आता झिजलेत.

दुकानदार म्हणतो, "२३५/७५ डोळे झाकून घ्या, रिम तेच चालतील." रोज घोडबंदर रोड ते रबाळे जाणं-येणं, सुट्टीच्या दिवशी मुरबाड-कर्जतकडचे कच्चे रस्ते आणि पावसाळ्यात चिखल.

रिम बदलावेच लागतात का? लागत असतील तर ऑफसेट (रिम माउंटिंगपासून किती आत-बाहेर बसतं ते माप) किती घ्यावा? आणि टायर एटी (सगळ्या प्रकारच्या रस्त्यांचा) की एमटी (चिखलाचा)?

रिमवाला_रबाळे

डोळे झाकून बसतील, उघडल्यावर घासतील.

आधी रुंदी. कंपनीचं रिम १५ x ५.५ इंच आहे. २३५/७५ आर१५ साठी रिमची मान्य रुंदी ६ ते ८ इंच, मोजमापाचं रिम ६.५ इंच. साडेपाचावर चढवला तर टायर फुग्यासारखा गोल होतो. मधला पट्टाच रस्त्याला टेकतो, साइडवॉल बाहेर फुगते आणि वळणावर गाडी डुलते. हवा कमी करून चिखलात घातली तर बीड (टायरची रिमवर बसणारी कड) सुटायची भीती वेगळीच. त्यामुळे २३५ घेणार असाल तर रिम बदलायचेच. २१५/७५ आर१५ मात्र साडेपाच इंची रिमवर बसतो, त्याची मर्यादा ५.५ ते ७ आहे.

आता ऑफसेट. कंपनीचा +५ आहे. टायरची आतली कड चाकाच्या माउंटिंगपासून किती आत जाते ते असं काढायचं: टायरची अर्धी रुंदी अधिक ऑफसेट.

आत्ता: ९७.५ + ५ = १०२.५ मिमी.
२३५ आणि ऑफसेट +५: ११७.५ + ५ = १२२.५ मिमी. तब्बल २० मिमी आत. फुल लॉकला टायर सरळ रेडियस आर्मवर.
२३५ आणि ऑफसेट ०: ११७.५ मिमी, तरी १५ मिमी आतच.
२३५ आणि ऑफसेट -१०: १०७.५ मिमी, फक्त ५ मिमी जास्त.
२३५ आणि ऑफसेट -१५: १०२.५ मिमी, आतून कंपनीइतकंच.

मग -२५ का नको? कारण ते सगळं बाहेर निघतं. -१५ लाच टायर मूळपेक्षा ४० मिमी बाहेर येतो, -१० ला ३५ मिमी. टायर जितका बाहेर तितका वळताना मोठा गोल फिरतो आणि पुढच्या बंपरचा कोपरा, लायनर (मडगार्डचं आतलं अस्तर) नाहीतर मडफ्लॅप पकडतो. शिवाय स्टिअरिंगला खड्ड्यांचे हिसके जास्त बसतात, किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खुंटा) आणि चाकांच्या बेअरिंगवर ताण वाढतो, आणि सगळा चिखल दारांवर उडतो. माझ्या मते १५ x ६.५ किंवा १५ x ७, ऑफसेट -५ ते -१०. आत जे थोडं घासेल ते नकलवरच्या (चाक वळवणाऱ्या सांध्यावरच्या) स्टिअरिंग स्टॉपच्या बोल्टाने थांबवता येतं. वळायला जागा थोडी जास्त लागेल, तेवढं चालतं.

पीसीडी (पाच नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) ५ x १३९.७, हब बोअर (रिमच्या मधलं भोक) १०८ मिमी. बाहेरच्या रिमना बोअर मोठा असेल तर मापाची रिंग घ्या, नाहीतर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर बसतं आणि ८० च्या पुढे थरथर सुरू होते. नट एम१२ x १.२५, शंकूच्या बैठकीचे. स्पेसर (रिम आणि हबमधली चकती) लावून ऑफसेट साधायचा मोह नको.

ओळंबा

वरचं गणित चोख आहे. पण कोलशेतवाल्यांची मूळ अडचण टायरच्या आधीची आहे. नुसत्या स्प्रिंग-शॉकअपवर लिफ्ट अर्धवट राहते.

जिमनीचे दोन्ही अ‍ॅक्सल सॉलिड आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकाच सलग दांड्यावर. गाडी उचलली की रेडियस आर्मचा कोन बदलतो, पुढचा अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, गाडी सरळ रस्त्यावरही भटकते. त्यावर जड टायर चढवले की ऐरोली पुलासारख्या जोडांच्या रस्त्यावर ७०-८० ला स्टिअरिंग हातात नाचायला लागतं. तेव्हा टायरच्या आधी कॅस्टर दुरुस्त करणारे बुश बसवा.

पॅनहार्ड रॉडची लांबी तीच राहते आणि कोन वाढतो, म्हणून अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. मोजायला मशीन लागत नाही. सपाट जमीन, स्टिअरिंग सरळ, मडगार्डच्या काठावरून दोरीला नट बांधून ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. डावीकडे २८ आणि उजवीकडे १२ मिमी आलं तर फरक १६, म्हणजे अ‍ॅक्सल ८ मिमी सरकलाय. मागचंही असंच बघा. अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड लावून तेवढं परत आणायचं. हे न करता मोठे टायर घातले तर एकाच बाजूला घासतात आणि माणूस उगाच ऑफसेटला दोष देतो.

स्टिअरिंग तिरकं आलं असेल तर ते ड्रॅग लिंकवर (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर) सरळ करायचं. अलाइनमेंटमध्ये पुढच्या सॉलिड अ‍ॅक्सलला फक्त टो (वरून बघता चाकं आत की बाहेर वळलेली ते) जुळवता येतो. कागदावर कॅम्बर (चाकाचा उभा कल) लाल दिसला म्हणून "कॅम्बर करून देतो" असं कोणी म्हणालं तर हात जोडा आणि निघा.

आणि हो, ब्रेकचे होस. दोन्ही बाजूंनी जॅक लावून अ‍ॅक्सल पूर्ण लोंबू द्या आणि होस ताणला जातो का ते स्वतः वाकून बघा. अंदाजाने सोडून द्यायची गोष्ट नाही ही.

नियमावर_बोट

तांत्रिक बाजू झाली, कायद्याचीही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. कलम १८२ए (४) मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. "वरच्या मॉडेलला हाच साइज आहे" ही पळवाट जिमनीत नाही, कारण झीटा आणि अल्फा दोन्हींना १९५/८० आर१५ च येतो. एमएच-०४ असो की एमएच-४३, मडगार्डबाहेर आलेला टायर लांबूनच दिसतो. विम्याच्या सर्व्हेअरलाही दिसतो.

आणि मोठे टायर म्हणून येऊरला रस्ता सोडून गाडी घालायची कल्पना असेल तर ती आत्ताच सोडा. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे.

लो_रेंज_खारघर

मी थोडा उलट सूर लावतो. रोज घोडबंदर-रबाळे करणाऱ्याला २३५ लागतोच कशाला?

१९५/८० चा व्यास ६९३ मिमी, २१५/७५ चा ७०३.५, २३५/७५ चा ७३३.५. लिफ्टने बॉडी वर जाते, डिफरन्शिअल (अ‍ॅक्सलवरचा गिअरचा गोळा) जिथल्या तिथेच राहतं. त्याला उचलतात ते फक्त टायर, तेही व्यासातल्या फरकाच्या निम्मे. २३५ ने २० मिमी मिळतात, २१५ ने ५. मुरबाडच्या दगडात २० मिमी कामाचे आहेत, नाकारत नाही. साइडवॉलही १५६ वरून १७६ मिमी होते.

किंमत मात्र इंजिन मोजतं. व्यास ५.८ टक्के वाढला की ४.०९० ची फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचं शेवटचं गिअर प्रमाण) ३.८६ सारखी वागते. १३४ न्यूटन मीटर टॉर्क, तोही ४००० आरपीएमला, आणि वर जड टायर. गायमुखच्या चढावर जिथे तिसरा पुरत होता तिथे दुसरा लागेल, आणि कळव्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच जास्त घासेल. ब्रेकलाही तेच जड चाक थांबवायचंय, आणि मागे ड्रम आहेत. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा चाकं पूर्वीच्या ८४.७ इतकं अंतर कापत असतील. ओडोमीटरवर १०,००० म्हणजे प्रत्यक्षात सुमारे १०,५८०, ऑइल त्या हिशेबाने बदला.

एमटीबद्दल: भातखाचरातल्या चिखलात तो माती झटकत पुढे जातो, एटीच्या खाचा भरल्या की तो गुळगुळीत होतो. पण पावसात ओल्या काँक्रीटवर एमटीचे मोठे ठोकळे कमी पकडतात, थांबायला जास्त अंतर लागतं आणि आवाज कानात बसतो. आठवड्यातले सहा दिवस डांबर-काँक्रीट असेल तर एटी. माझं मत: २१५/७५ आर१५ एटी, रिम कंपनीचेच, वाचलेल्या पैशात कॅस्टर बुश आणि पॅनहार्ड.

कोलशेत_०४

सगळ्यांचे आभार. बुश आणि पॅनहार्ड आधी करतो, हे नक्की. टायरमध्ये २१५ एटीकडे झुकतोय. दोन शंका: एलटी (लाइट ट्रक) छापलेला टायर घ्यावा का? आणि बसवताना काय बघायचं?

लो_रेंज_खारघर

जिमनीच्या मूळ टायरचा लोड इंडेक्स ९६, म्हणजे टायरमागे ७१० किलो. ९६ किंवा वर असला की झालं. एलटीची साइडवॉल कातळाच्या धारेला जास्त टिकते, पण जड आणि कडक असते. इतक्या हलक्या गाडीत ती दबत नाही, उसळते. तुमच्या वापराला साधा एटी पुरे.

रिमवाला_रबाळे

घेताना साइडवॉलवरचा चार आकडी कोड वाचा. २२२४ म्हणजे २०२४ चा २२ वा आठवडा. पाचही टायर एकाच साइजचे घ्या, स्टेपनीसकट. जिमनीला सेंटर डिफरन्शिअल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा) नाही. ४एच मध्ये (चारही चाकांना ताकद) कमी-जास्त व्यासाची चाकं असली तर ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्समध्ये) पीळ बसतो आणि लिव्हर २एच ला (फक्त मागच्या चाकांना ताकद) यायला नाही म्हणतो.

नट चांदणीच्या क्रमाने आधी हाताने, मग टॉर्क पान्याने १०० न्यूटन मीटर. एअर गनने शेवटचं आवळू देऊ नका. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

घासतं का बघायला टायरच्या दोन्ही खांद्यांवर शाळेचा पांढरा खडू जाड फासा. पुढचं एक चाक फुटपाथच्या कडेवर किंवा दगडावर चढवा, फुल लॉक डावा, फुल लॉक उजवा, मग तेच रिव्हर्समध्ये. रिव्हर्स बरेच जण विसरतात. खाली उतरून बॅटरीच्या उजेडात लायनर, रेडियस आर्म आणि मडफ्लॅप बघा, जिथे पांढरं उमटलं तिथे घासतंय.

ओळंबा

खडू उरला तर हवेलाही वापरा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्यापासून सुरुवात करायची, ट्रेडवर आडवी जाड रेघ मारायची आणि सपाट रस्त्यावर शंभरेक मीटर सरळ जायचं. मधला खडू आधी गेला तर हवा जास्त, कडांचा गेला तर कमी. २-२ पीएसआयने जुळवा. चिखलात १६-१८ पर्यंत उतरवली तरी चालते, पण डांबरावर येण्याआधी परत भरायचा पंप गाडीतच ठेवा.

स्टेपनी दारावर चढवल्यावर दार सावकाश बंद करून बघा. टायर बंपरला टेकत असेल किंवा रबरी ठोकळ्यावर नीट बसत नसेल तर खडबडीत रस्त्यावर सगळा भार बिजागरीवर येतो आणि दार खडखडायला लागतं.