मांडणी, चूल, पितळी डबे: जुन्या वळणाचं स्वयंपाकघर कुणी केलंय का?

काल आमच्याकडे किचनवाला माप घ्यायला आला होता. पुण्यातला फ्लॅट, स्वयंपाकघर आठ बाय नऊ. त्याला म्हटलं, या भिंतीला मला मांडणी हवी. त्याने दोनदा विचारलं, "मांडणी म्हणजे? क्रोकरी युनिट का?" विशीतला पोरगा, त्याचा काय दोष. पण तो गेल्यावर मी बराच वेळ त्या रिकाम्या भिंतीकडे बघत बसले.

वाईजवळच्या आमच्या घरात आजीची मांडणी होती, काळ्या लोखंडी पट्ट्यांची. वर पितळी डबे उतरत्या मापाने, मधल्या खणात ताटं उभी, खाली वाट्या-फुलपात्री, आणि सगळ्यात खाली आकड्यांना झारा, पळी, उलथनं. शेवटी शेवटी आजीला दिसत नव्हतं. तरी चुलीसमोर पाटावर बसून मागे न बघता हात न्यायची आणि नेमकी पळीच हातात यायची.

मला मांडणी शोभेला नकोय, रोज वापरायला हवीय. कुणी नव्या घरात असं काही केलंय का? काय जमलं, काय फसलं, सगळं लिहा.

चूलवैल
आम्ही केलं, शेतावरच्या घरात. पडवीत मातीची चूल वैलासकट, म्हणजे चुलीच्याच जाळावर तापणारं शेजारचं दुसरं तोंड. भाकरी चुलीवर आणि आमटी वैलावर रटरटत. नुसत्या मातीची पहिली चूल आठ दिवसांत तडकली. मग शेजारच्या मावशींनी माती चाळून त्यात शेण आणि भुसा कालवायला लावला, सावलीत वाळवली. ती टिकली. पण आत घरात घालू नका. सासूबाईंना धुराने ढास लागायची, म्हणून तर पडवीत आणली. बाकी रात्री लिहिते, दूध वर आलंय.

कोकणातली
शिंकाळं कुणी लिहिलं नाही अजून! आमच्याकडे दुधाचं, दह्याचं सगळं शिंकाळ्यात, मांजराची मान वर करून करून दुखायची. आणि कौलांत एक काचेचं कौल. त्यातून उन्हाचा कवडसा खाली पडायचा आणि दिवसभर सरकत जायचा. तो पाट्यावर आला की आई म्हणायची, चला, पेजेची वेळ झाली. नवीन स्लॅबच्या घरात मी ओट्यावर एवढासा झरोका ठेवून घेतला. इंजिनियर नको म्हणत होता, गळेल म्हणून. चार पावसाळे झाले, गळला नाही.

उंबरठा
पितळेत रांधणार असाल तर आधी आतून कथलाची कल्हई. बिनकल्हईच्या पातेल्यात कढी केली की कळकलीच समजा. आणि कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका, कथील २३२ अंशांना वितळतं. मी फोनवर बोलत राहिले, बघते तर तळाला कथलाचे मणी जमलेले. फार जिवाला लागलं, आईच्या लग्नातलं पातेलं होतं.
लहानपणी कल्हईवाला वाड्यात भाता लावायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचं, की काळंमिट्ट पातेलं एका फेऱ्यात चांदीसारखं. शेवटी पाण्यात चर्रर्र. शाळा बुडायची त्या दिवशी.

नलू
पुरणयंत्राची बारीक जाळी सुटी कुठे मिळेल? माझी मोडली. विषय वेगळा आहे, पण इथे माहीतगार मंडळी दिसतायत.

उंबरठा
नलू, तुळशीबागेत बघ. जुनं यंत्र सोबत ने, माप चुकतं.

धाकटी
आई गेल्यावर आम्ही तिघी बहिणी भांडी वाटून घ्यायला बसलो. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी टोचलेलं नाव, कुणाच्या मुंजीतलं, कुणाच्या डोहाळजेवणातलं. एका पेल्यावर आईचं माहेरचं नाव निघालं. त्या नावाने तिला हाक मारलेली आम्ही कुणी कधी ऐकली नव्हती. वाटणी तिथेच थांबली. आता तो पेला वर्षाला एकेकीकडे असतो. यंदा माझ्याकडे आहे, खिडकीत ठेवलाय, रोज त्यातूनच पाणी पिते.

चूलवैल
धाकटी, पोळपाटावर लाटणं ठेवून वाचलं. डोळे भरून आले गं.

सातासमुद्रापार
न्यू जर्सी. २३ किलोच्या बॅगेत पाटा-वरवंटाच अकरा किलोंचा आणला. आईने वरवंटा माझ्या बाळंतपणातल्या दुपट्यात गुंडाळून दिला होता. तपासणीला बॅग उघडली. त्या बाईंनी वरवंटा दोन्ही हातांनी उचलून विचारलं, हे काय? वाटून दाखवलं हवेतच. हसल्या आणि स्वतःच पुन्हा दुपट्यात गुंडाळला. इथे लाकडी घर, फोडणी दिली की धुराचा अलार्म कोकलतो, त्यामुळे चूल विसराच. पण शनिवारी जमिनीवर बसून लसणीची चटणी वाटते तेव्हा मुलगा वासाने खाली येतो.

मधुमालती
कडाप्प्याच्या ओट्याबद्दल सांगते. काळाभोर दिसतो, हौसेने घातला. पण तो चुनखडीचा दगड, लिंबू-चिंच सांडली की खातेच, पांढुरके डाग पडतात. लगेच पुसायचं, दुसरा उपाय नाही.
आणि बसून स्वयंपाक करायचा बेत असेल तर गुडघ्यांना आधी विचारा. मी बसका ओटा करून घेतला, दोन वर्षांत डॉक्टरांनी मांडी घालायची बंद केली. आता त्यावर विळी आणि जातं आहे. नात भातुकली मांडते. ओट्याची उंची मात्र जो रोज रांधतो त्याच्या कोपराला बघून ठरवा, कॅटलॉग बघून नको.

धाकटी
मधुमालती, जात्याचा खुंटा सैल झाला तर काय करता? आमचा गरगर फिरतो.

मधुमालती
चिंधी गुंडाळून ठोकायचा. घट्ट बसतो.

धागा काढणारी
किती जणींनी लिहिलंत! किचनवाल्याला नाही सांगितलं शेवटी. गावी भावाला फोन केला. आजीची मांडणी अजून गोठ्यात उभी आहे, वर खुरपी ठेवतात. त्याने सुतळीने माप घेऊन गाठी मारून पाठवलीये, प्रत्येक खणाला एक गाठ. उद्या वेल्डरकडे ती सुतळीच घेऊन जाणार. आज भिंतीला धरून बघितली. खाली बसले की खालची गाठ माझ्या खांद्याला येते, आजी बसलेली असायची ना. डोळे मिटून हात नेला आणि जिथे पोचला तिथे पेन्सिलीने खूण केली. आकडे तिथे.

नलू
जाळी मिळाली! होळीच्या आत मिळाली, देव पावला.